डाव्या कानाची साक्ष

शनिवारची भेटीची वेळ संपत आली होती, बाई चष्मा पुसत होत्या, आणि टाचणीने दारातून पुढच्या माणसाला आत सोडलं. चष्मा डोळ्यांवर चढवून बाईंनी मान वर केली तर समोरच्या खुर्चीत त्यांची नात. टाचणी म्हणजे बाईंचा सहायक. इतका बारीक आणि इतका ताठ, की आल्या आल्याच कुणीतरी त्याला हे नाव चिकटवलं आणि त्यानेही ते कुरकुर न करता वापरायला घेतलं. तो आता दारात उभा राहून छताकडे बघत होता, म्हणजे त्याला माहीत होतं. नातीच्या हातात रांगेचा बिल्ला होता. तो तिने सगळे ठेवतात तसा टेबलावर ठेवला, खुर्ची जराशी पुढे ओढली आणि म्हणाली, "नमस्कार, ताई."

घरात ती आजी म्हणायची. लाडात आली की म्हातारे म्हणायची. भांडली की काहीच न म्हणता नुसती भिंतीशी बोलायची. ताई हा शब्द तिच्या तोंडून बाईंनी पहिल्यांदा ऐकला, आणि तो ऐकल्यावर त्यांचा हात आपसूक पदराकडे गेला, परक्या माणसासमोर जातो तसा. "अगं, मग घरी यायचं ना," त्या म्हणाल्या.

"घरी आजी भेटते. मला आमच्या प्रतिनिधींना भेटायचं होतं. मी याच भागात खोली घेऊन राहते, यंदा पहिल्यांदा मत दिलंय. तुम्हालाच दिलंय, काळजी करू नका."

"मी कशाला काळजी करू?"

"बाई, बाहेर अजून दोघं आहेत," टाचणी छताला म्हणाला.

"त्यांना चहा द्या."

"दिला. दोनदा दिला. आता चहा घेऊन ते जास्तच बोलायला लागलेत."

नात हसली नाही. एरवी टाचणीच्या असल्या बोलण्यावर तिचं हसू आवरत नसे. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "सोमवारच्या विधेयकावर तुम्ही मत कसं देणार?"

प्रश्न नवा नव्हता. महिनाभर दुसरा कुठला प्रश्नच बाईंच्या टेबलावर आला नव्हता. बसचं भाडं वाढलं म्हणून चौकात लोक जमले होते, घोषणा चालल्या होत्या, आणि त्या गर्दीतून, किंवा आसपासच्या कुठल्या खिडकीतून, किंवा आणखी कुठून तरी एक गोळी सुटली. ती चौकालगतच्या शाळेच्या खिडकीतून सातवीच्या वर्गात शिरली आणि एका मुलीच्या खांद्यात बसली. मुलगी वाचली. गोळी कुणी झाडली ते काही कळलं नाही. मग सरकारने घाईघाईने विधेयक आणलं. त्याचे दोन भाग होते. घराघरांतल्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा पहिला. आणि शाळा, बाजार, इस्पितळ यांच्याजवळ लोकांनी जमायचं नाही, जमले तर आत, हा दुसरा. दोन्ही भागांवर मत मात्र एकच. हो तर सगळ्याला हो, नाही तर सगळ्याला नाही. बाईंच्या पक्षाने सदस्यांना मोकळीक दिली होती, ज्याला जे वाटेल ते. आणि बाईंना गेल्या कित्येक वर्षांत इतकी मोठी शिक्षा कुणी दिली नव्हती.

"तुमचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलंय," बाई म्हणाल्या. "सगळ्या बाजूंचा विचार चालू आहे. तुमचं म्हणणं मी जिथे पोचवायला हवं तिथे नक्की पोचवते."

बोलून झालं आणि त्यांना स्वतःचाच आवाज खोलीत लोंबकळत राहिल्यासारखा वाटला. नातीने अजून काही म्हटलंच नव्हतं. तिने फक्त विचारलं होतं. हेच वाक्य सकाळी त्यांनी बंदूकवाल्याला ऐकवलं होतं. बंदूकवाला म्हणजे जुन्या बाजारात शिकारी बंदुका दुरुस्त करणारा, हाताला तेलाचा वास, बापाचं दुकान चालवणारा. "ताई, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बंदुका उडतच नाहीत," तो म्हणाला होता. "माणसं त्या भिंतीवर टांगायला नीट करून घेतात. आजोबांचा फोटो नि आजोबांची बंदूक. बाकीची शेतातली डुकरं हाकलायला. या सगळ्या ठाण्यात नेऊन टाकल्या तर तिथे गंजून मरतील, आणि ज्याला खरंच कुणाला मारायचंय तो काय परवाना काढून मारतो?" बाई म्हणाल्या होत्या, पोचवते. तो समाधानाने उठला होता. त्याच्यानंतर त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, ताठ पाठीच्या, पर्स मांडीवर घट्ट धरलेल्या. "बाई, तिचा उजवा हात वर जात नाही," त्या म्हणाल्या. "वर्गात उत्तर येतं तिला, पण हात वर करायचा म्हटलं की आधी इकडे तिकडे बघते आणि मग डावा करते. मला त्या चौकात बंदूकही नको नि गर्दीही नको. दोन्ही घालवा. तुम्हाला मी दुसरं काही कधी मागितलं नाही." त्यांनाही बाई तेच म्हणाल्या. त्याही समाधानाने उठल्या. बाईंना सकाळी यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट, दोन उलट्या तोंडांची माणसं एकाच वाक्याने शांत होऊन गेली, हे कसब आहे असंच वाटलं होतं.

नातीने बिल्ला उचलून पुन्हा खाली ठेवला. "बरं. मग दुसरं विचारते. तुमच्या त्या तरुणपणच्या संपात गोळी कुठून आली होती?"

"वरून," बाई म्हणाल्या. "डावीकडच्या गच्चीवरून. तुला माहीत आहे की."

"मला भाषणातलं माहीत आहे. तुम्हाला कुठून ऐकू आली होती, ते विचारते."

आणि ती उठली. तिचं काम झालं होतं म्हणे. दारात टाचणीला म्हणाली, "काका, उद्या दुपारी चौकात या, आम्ही जमतोय. अजून कायदा झालेला नाही तोवर." टाचणी म्हणाला, "मला गर्दीत कुणी पाय दिला तर मी टोचेन." आता ती हसली. मग जाता जाता, उंबऱ्याच्या बाहेरून, तिने "येते गं आजी" म्हटलं, आणि बाईंनी मान वळवली ती चुकीच्या बाजूला. खिडकीकडे. खिडकीत कुणी नव्हतं.

उरलेल्या दोघांना त्या काय म्हणाल्या हे त्यांना पुढे आठवलं नाही. पोचवते म्हणाल्या असतील. टाचणीने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, बिल्ले मोजून डब्यात टाकले, आणि बाई खुर्चीतच राहिल्या. गेल्याच महिन्यात कानाच्या डॉक्टरांकडे त्या गेल्या होत्या. सभागृहात डाव्या बाजूला बसणारा सदस्य त्यांना गर्विष्ठ म्हणतो असं कानावर आलं होतं. तो बोलायचा आणि बाई उत्तरच द्यायच्या नाहीत. डॉक्टर तरुण होता, त्याने कानांवर यंत्र चढवून पुष्कळ वेळ पिपाण्या वाजवल्या आणि म्हणाला, "डावा कान बराच गेलाय, आणि तो आज गेलेला नाही, हे फार जुनं आहे. आधी तुम्ही काय काम करत होतात?" टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, बाई म्हणाल्या. "वाटलंच," तो म्हणाला. "एकाच कानाला यंत्र लावून वर्षानुवर्षं. एका कानाने आवाज ऐकू येतो हो माणसाला, पण आवाज कुठून आला ते नाही कळत. त्याला दोन लागतात." बाई हसल्या होत्या. आता या वयात आवाज कुठून का येईना, आला म्हणजे झालं, असं काहीसं म्हणून त्यांनी पैसे दिले होते आणि येताना केळी घेतली होती. मग आज डॉक्टरचं ते वाक्य पुन्हा का ऐकू यावं?

एक्स्चेंज. लांबच लांब खोली, तिच्यात एका ओळीत उंच स्टुलं, समोर भोकाभोकांची फळी आणि फळीवर डोळे मिचकावणारे दिवे. दिवा लागला की दोरीचं टोक त्या भोकात खुपसायचं, "नंबर बोला" म्हणायचं, दुसरी दोरी दुसऱ्या भोकात, आणि आपण बाजूला. ऐकायचं नाही. ऐकलं तर बोलायचं नाही. मोठ्या बाई मागून फेऱ्या घालायच्या आणि कुणी जास्त वेळ ओळीवर राहिली की तिच्या पाठीत बोट खुपसायच्या. यंत्र नेहमी डाव्या कानाला, कारण उजवा हात दोऱ्यांना मोकळा हवा आणि उजवा कान मोठ्या बाईंना. डावीकडचे केस त्या पट्ट्याने चप्पट व्हायचे. बाहेर रस्त्यात एकमेकींना ओळखायची तीच खूण होती. विजेचा कडकडाट झाला की त्या कानात असा फटाका फुटायचा की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तरी म्हणायचं, नंबर बोला. बाईंच्या शेजारच्या स्टुलावर घाई बसायची. तिचं खरं नाव हजेरीत होतं, बाकी सगळ्यांना ती घाई. जेवणाचा डबा उघडायच्या आधीच बंद करणारी, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरणारी, लग्न ठरायच्या आधी साडी घेऊन ठेवणारी. "तू माझ्या आधी मरशील आणि तेही धावत," बाई तिला चिडवायच्या. कोण काय बोलून जातं! रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडायला गाडी द्या, एवढंच मागणं होतं. त्यासाठी दोरी खाली ठेवून सगळ्या बाहेर रस्त्यावर आल्या. ऊन होतं. नाही, ढग होते. नंतर बाईंच्या भाषणांत ऊन आलं. घाई पुढच्या ओळीत होती आणि बाई तिच्या मागे, की शेजारी, आणि घाई मागे वळून काहीतरी ओरडत होती, हसत, आणि मग आवाज झाला. कुणीतरी पत्र्यावर लाथ मारावी तसा. घाई खाली बसली. बसली असंच वाटलं, दमून.

चौकशी झाली तेव्हा बाईंना विचारलं, गोळी कुठून आली? बाई म्हणाल्या, वरून, डावीकडच्या गच्चीवरून. का म्हणाल्या? कारण ऐकलं होतं. ऐकलं होतंच. त्या गच्चीवर एक शिकारी म्हातारा राहायचा, त्याच्याकडे बंदूक होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोलीसही म्हणाले, आम्ही नाही झाडली, गोळी वरूनच आली. म्हाताऱ्यावर काही शाबीत झालं नाही, तो पुढच्या वर्षी आपल्या मरणाने मेला. गाडी मिळाली रात्रपाळीला. आणि बाईंना लोक सभांना बोलवायला लागले. घराघरात बंदुका कशाला, असं त्या विचारायच्या आणि बायका टाळ्या वाजवायच्या. त्या टाळ्यांवर त्या निवडून आल्या, पुन्हा पुन्हा आल्या. रस्त्यावरचे पोलीस समोर होते. समोर आणि उजवीकडे. त्यांच्याही हातात बंदुका होत्याच. हे बाईंना कधी आठवलं नव्हतं असं नाही. आठवत होतं, पण ते चित्रात होतं, आवाजात नव्हतं. आवाज डावीकडून, वरून. कुठल्या कानाने?

रात्री मुलाचा फोन आला, नातीच्या बापाचा. बाईंनी फोन उजव्या कानाला लावला आणि लावताना त्यांना पहिल्यांदाच कळलं की आपण तो नेहमी तिथेच लावतो. "आई, तिला उद्या जाऊ देऊ नकोस," तो म्हणाला.

"मी कोण जाऊ देणारी? ती मला ताई म्हणून गेली."

"थट्टा सोड. परत कुणी गोळी झाडली तर? तू सोमवारी त्या विधेयकाला हो म्हण नि हे सगळं एकदाचं थांबव. बंदुकाही जातील, पोरीही घरात राहतील."

"पोरी घरात राहतील," बाई म्हणाल्या.

"म्हणजे सुखरूप, असं म्हणायचंय मला. शब्दांत धरू नकोस."

त्याचं काय चुकत होतं? काहीच नाही. त्यांच्याही पोटात तेच होतं, मुलीचा खांदा, नातीचा खांदा, घाई खाली बसलेली. त्यांनी पक्षाच्या नेत्यांना फोन लावला. दोन भाग वेगळे मांडता येणार नाहीत का, विचारलं. पहिल्याला मी जन्मभर हो म्हणत आले. नेते जेवत होते. "ताई, ताट एकच वाढलंय," ते म्हणाले. "अर्धं नको म्हणून चालायचं नाही. फार झालं तर तटस्थ राहा." तटस्थ म्हणजे खुर्चीला मत, असं बाईच नेहमी म्हणत आल्या होत्या, आणि लोक हसायचे. आता तो शब्द मऊ उशीसारखा वाटला. रात्रभर त्या डाव्या कुशीवर झोपल्या, उजवा कान वर ठेवून, आणि पहाटे उजव्या कुशीवर वळल्या तेव्हा जग एकदम गप्प झालं. किती वर्षं ते असं गप्प होत होतं, आणि त्यांना वाटायचं, शांत गल्ली आहे.

रविवारी दुपारी त्या चौकात गेल्या. जायचं असं काही ठरवलं नव्हतं. पायात चपला होत्या, आणि रस्ता तिकडे जात होता. माणसं पुष्कळ होती पण गर्दी म्हणावी अशी नाही. बसचे कंडक्टर होते, दुकानांत काम करणाऱ्या बायका, शिकणारी पोरं, एक माणूस मुलाला खांद्यावर घेऊन आलेला. शाळा बंद होती आणि तिच्या एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा होता. नातीने त्यांना लांबूनच पाहिलं आणि आली. "कोण म्हणून आलीस?" तिने विचारलं.

"तेच बघायला आले."

"शाळा, बाजार, इस्पितळ यांच्याजवळ नाही जमायचं, म्हणे. आजी, मला या शहरात एक जागा दाखव जिथून तिन्ही लांब आहेत. उरलं काय? स्मशान."

"तिथे इस्पितळातूनच येतात," शेजारचा कंडक्टर म्हणाला. "तेही जवळच धरतील." बाया हसल्या. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना वाटलं की या हसण्यात आपण फार वर्षांनी उभ्या आहोत. व्यासपीठावरून हसू असं ऐकू येत नाही, ते खालून वर येतं, शिजत्या अन्नाच्या वाफेसारखं. इथे ते अंगाला लागत होतं. कुणाच्या तरी घामाचा वास, कुणाची तरी पिशवी गुडघ्याला, पायाखाली तापलेला रस्ता. घाईच्या केसांना कुठल्या तेलाचा वास यायचा? त्या आठवायला लागल्या.

आणि आवाज झाला.

माणसं वाकली. मुलाला खांद्यावर घेतलेला माणूस त्याला छातीशी घेऊन खाली बसला. नातीने बाईंचा दंड इतका जोरात धरला की बोटं उमटली. मग कुणीतरी ओरडलं, "शटर! अरे शटर पडलं दुकानाचं!" आणि सगळी माणसं एकदम बोलायला लागली, रागाने, हसत, रडत. "कुठल्या दुकानाचं?" "त्या कोपऱ्यावरच्या." "छे, ते इकडून आलं, बसस्टॉपकडून." "वरून आलं काहीतरी." ज्यांचे दोन्ही कान धड होते ती माणसं चारी दिशांना बोटं दाखवत होती. इमारतींमध्ये आवाज चेंडूसारखा उडाला होता. मग बाईंना दिसलं की त्यांचाही हात वर आहे. त्यांच्या नकळत गेलेला, बोट ताठ, डावीकडे, वर, एका गच्चीकडे. तिथे कपडे वाळत होते. पडलेलं शटर त्यांच्या पाठीमागे होतं, उजवीकडे. दुकानदार दोन्ही हात जोडून सगळ्यांची माफी मागत होता.

नात त्यांच्या हाताकडे बघत होती. बाईंनी हात खाली घेतला, पण तो खाली घेऊन कुठे ठेवावा ते कळेना. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "फार पूर्वीपासून. डॉक्टर म्हणतो, एक्स्चेंजपासून."

"म्हणजे गोळी गच्चीवरून नव्हती आली?"

"असेलही आली. नसेलही. मला माहीत नाही गं. मी इतकी वर्षं सांगितलं, पण मला माहीत नाही."

नातीने दंड सोडला, आणि मग सोडलेल्या जागी हळूच हात फिरवला. आवाज पुन्हा वाढला होता, घोषणा सुरू झाल्या होत्या, आणि बाईंना वाटलं आपण आता घरी जावं. पण त्या पुष्कळ वेळ तिथेच उभ्या राहिल्या. माहीत काय आहे मग आपल्याला? असं त्या स्वतःला विचारत होत्या, आणि उत्तर फार थोडं होतं. घाई होती. आपण तिच्या मागे, की शेजारी, होतो. सगळ्या दोऱ्या खाली ठेवून रस्त्यावर आलो होतो आणि रस्त्यावर आलो म्हणून गाडी मिळाली. एवढ्याची साक्ष कुठल्याही कानाशिवाय देता आली असती. ती कधी कुणी मागितलीच नाही. आणि तो सातवीतला खांदा? त्याची दोरी कुठल्या भोकात खुपसायची? त्याला काय जोडून द्यायचं?

सोमवारी सभागृहात एकेका सदस्याचं नाव पुकारलं जात होतं आणि सदस्य जागेवर उभं राहून हो किंवा नाही म्हणत होते. बाईंनी आधी हात वर करून दोन भाग वेगळे घ्यावेत अशी विनंती केली. अध्यक्षांनी ती सौजन्याने नाकारली. बाईंचं नाव आलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि तोंड उघडल्यावर त्यांना कळेना की आत काय आहे. ओळीवर कुणीतरी खोळंबलंय असं वाटत राहिलं, दिवा लागून राहिलाय. पुढच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले. लिहून घेणाऱ्याने पेन उचलून धरलं. "नाही," बाई म्हणाल्या, आणि खाली बसताना त्यांचा गुडघा बाकावर आपटला. बंदुकांचं पुन्हा मांडता येईल, पुढच्या अधिवेशनात मीच मांडीन, असं त्या मनात म्हणत होत्या. रस्ता एकदा गेला की गेला. पण हे वाक्य मत देण्याच्या आधी सुचलं की नंतर, हे त्यांना सांगता आलं नसतं. विधेयक थोड्याशा मतांनी पडलं. काहींनी बाकं वाजवली. नेत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बाहेरच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या. तशाच ताठ, पर्स मांडीवर. बाई त्यांच्या शेजारी बसल्या, मग उठल्या आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या. "या कानाला ऐकू येतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"शनिवारी म्हणाला होतात, तुमचं म्हणणं पोचवते."

"तसं मी सगळ्यांना म्हणते. बंदूकवाल्यालाही म्हटलं. माझ्या नातीलाही. तो माझा जुना धंदा आहे, इकडचं तिकडे जोडून द्यायचं. त्यात मी कुठे नसायचे. शनिवारी तुमच्यासमोरही मी नव्हते."

"आणि आज?"

"आज होते. म्हणून तर नाही म्हटलं. माझं चुकलंही असेल. तुम्ही मला का म्हणून विचारलंत, तर मी सांगायला लागेन आणि अर्ध्यात अडकेन."

कुणी कुणी जाताना बाईंना नमस्कार करत होतं, कुणी नजर चुकवत होतं. "मला तुमच्याकडून कारण नकोच आहे, बाई," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मी मोठी आहे, मी राग धरीन नि विसरेनही. पण ती मुलगी उद्या मला विचारणार. तिला सगळं कळतं. तिला मी काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी येते. मीच सांगते."

"काय सांगणार?"

"ते मला आत्ता येत नाहीये," बाई म्हणाल्या. "तिच्यासमोर बसल्यावर येईल तेवढं सांगेन. ती ओरडली तर ओरडू दे. शाळा अजून सुटली नसेल ना?"

मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पर्स काखेत घेतली, उठल्या आणि जिन्याकडे चालू लागल्या. आणि बाई, आपल्याला बोलावलं आहे की नाही हे न कळताच, दुखरा गुडघा सांभाळत त्यांच्या मागोमाग निघाल्या.